वेग विकत घेण्यापूर्वी

आजचे युग हे विज्ञानयुग आहे, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. परंतु विज्ञान घरात येणे वेगळे आणि ते घरातल्यांना समजणे वेगळे. भिंतीवर लुकलुकणारा राउटर हे याचे उत्तम उदाहरण होय. आमच्या इचलकरंजीत आता मागावर काम करणाऱ्यांच्या घरांतूनही हा डबा दिसतो. मालिका, क्रिकेट, कीर्तन, सारे काही इंटरनेटवरून टीव्हीवर येते. आणि रात्रीचे आठ वाजले की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : चित्र अडकते, पडद्यावर नुसते चक्र गोल फिरत राहते. उपायही ठरलेला. कंपनीला फोन करायचा आणि दरमहा जास्त पैसे भरून मोठा प्लॅन घ्यायचा. माझे स्पष्ट मत असे आहे की हा उपाय पुष्कळदा अनाठायी असतो. तो आपण आपल्या अज्ञानावर भरलेला कर असतो.

थोडा हिशेब मांडू या. फुल एचडी चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग पुरे, असे नेटफ्लिक्सच सांगते. म्हणजे ४० मेगाबिटांच्या साध्या जोडणीवर दोन टीव्ही आणि दोन मोबाईल सुखाने चालावयास हवेत. मग चित्र अडते कोठे? नळाला पाणी भरपूर आहे, पण बादलीपर्यंत जाणारी रबरी नळी मध्येच मुडपली आहे, असाच हा प्रकार असतो.

राउटर बसवताना तार जेथून घरात शिरते तेथेच, दाराच्या वर किंवा लोखंडी कपाटाच्या शेजारी, खिळा ठोकला जातो. बसवणाऱ्याची तार वाचते. आपले मात्र नुकसान होते. रेडिओ लहरींना धातू अडवतो, जाड भिंत क्षीण करते. म्हणून राउटर घराच्या मध्याजवळ, उंचावर, मोकळ्या जागी हवा. दुसरी गोष्ट, बऱ्याच राउटरमधून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर पोहोचतात, पण शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी या साऱ्यांची तेथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची वाट वेगवान, पण तिचा पल्ला कमी. आपल्या देशात या लहरी विनापरवाना वापरण्याची मुभा आहे. सार्वजनिक वाटेवर गर्दी होणारच. टीव्ही राउटरच्या जवळ असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झवर जोडावे. २.४ वरच राहणे भाग असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनेल कमी गजबजलेला असेल तो निवडावा, कारण हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत. आणि टीव्ही काही घरभर हिंडत नाही. मग त्याला सरळ तारेनेच का जोडू नये? तारेचा खर्च एकदाच होतो, मोठ्या प्लॅनचा मात्र दर महिन्याला.

दोष कोणाचा हे ओळखण्याचीही एक साधी रीत आहे. लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग मोजावा, नंतर वायफायवर मोजावा. तारेवर पुरा आणि वायफायवर कमी, तर दोष घरात. तारेवरही वारंवार कमीच, तर कंपनीला जाब विचारता येतो, आणि तोही पुराव्यानिशी. आमच्या वस्तीतली माणसे फोनवर दोन इंग्रजी शब्द ऐकली की गप्प बसतात. आकडा हाती असला की गप्प बसावे लागत नाही.

आता थोड्या नाजूक प्रश्नाकडे वळते. कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिली. माझे ऑनलाइन व्याख्यान, वडिलांचा सामना, आईची मालिका आणि भावाच्या मोबाईलमधून परस्पर वर चढणारे फोटो, हे सारे एकाच तारेवर असते. रेशनच्या रांगेत एखादा दहा पोती घेऊन पुढे उभा राहिला की मागे किलोभर साखरेसाठी आलेला ताटकळतो, तसे येथे होते. काही राउटरमध्ये कोणाला आधी वाट द्यावी हे ठरवण्याची सोय असते. एकूण मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली ठेवली तर रांग तुंबत नाही. परंतु आधी कोण, हे राउटर ठरवीत नाही. ते घराने ठरवायचे असते. मुलीचा अभ्यास आधी की मुलाचा खेळ आधी, हा प्रश्न तांत्रिक नाही. तो चारचौघांत बसून सोडवावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थिनीने या भानगडीत कशाला पडावे? पण २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्यानंतर छपरावर चढून अँटेना फिरवणारे सारेच काही पदवीधर नव्हते. खालून हाक यायची, वरून हात फिरायचा. राउटरला मात्र आपण देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे हात न लावता ठेवतो. डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि परवलीचा शब्द छापलेला असतो. तो वाचून आत शिरावे आणि तो परवलीचा शब्द प्रथम बदलावा, एवढे धाडस पुरे आहे.

शिवाय प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. त्याच तारेवरून महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, त्याच तारेवरून निकाल पाहिला जातो. माग अडला की माझे वडील लगेच नवा माग घ्यायला निघत नाहीत. धागा कोठे तुटला ते आधी पाहतात, तो जोडतात, आणि एवढ्याने भागले नाही तरच जॉबरला बोलावतात. ही शहाणीव कोणत्याही विद्यापीठाने त्यांना दिलेली नाही. आपण पुस्तके वाचणाऱ्यांनी तिला नव्या यंत्राची थोडी माहिती जोडून दिली, तर आपल्या शिक्षणाचा उपयोग घराला आजपासूनच होऊ लागेल. तेव्हा मित्रहो, येत्या सुटीत आपल्या घरचा, आणि जमल्यास शेजारचाही, राउटर एकदा खाली काढून पाहा. वेग विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा.