तेल कोणते, यापेक्षा तेल किती?

गेल्या महिन्यात चिंचपोकळीला मावशीकडे जाणे झाले. काकांच्या हृदयात नुकताच स्टेंट बसवलेला. चहाचा कप पुढे ठेवत मावशीने विचारले, "आता यांच्यासाठी तेल कोणतं आणू रे? करडईचं, सूर्यफुलाचं, की शेजारचे सांगतात ते ऑलिव्हचं?"

मी उलट विचारले, "महिन्याला लागतं किती?"

"पाच लिटरचा कॅन."

घरात माणसे चार. पाच लिटर म्हणजे सुमारे 4.6 किलो, माणशी रोज 38 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली 2000 कॅलरींच्या आहारात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरले आहे. म्हणजे चहाचे जेमतेम सहा चमचे! शिवाय बाहेरचा वडापाव, फरसाण, बिस्किटे या 38 ग्रॅमांत नाहीतच.

माझे स्पष्ट मत असे, की आपण तेलाच्या नावाची नको तितकी चर्चा करतो आणि मापाकडे डोळेझाक करतो. तेलातेलांत फरक जरूर आहे. पाम आणि खोबरेल यांत संपृक्त मेद जास्त, करडई-सूर्यफुलात कमी. पण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमला कॅलरी नऊच. चांगले तेल दुप्पट खाल्ल्याने दुप्पट गुण येत नाही.

नावाची ही मोहिनी जुनीच. चिंचपोकळीपासून जवळच, शिवडीला, 1932 साली वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. तुपाला स्वस्त पर्याय म्हणून डालडा घरोघर पोचला. तेल घट्ट करण्याच्या त्या प्रक्रियेत तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला घातक असते, हे फार उशिरा कळले. तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर आपल्याकडे 2 टक्क्यांची मर्यादा आली ती 2022 मध्ये.

आणखी एक गोष्ट. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन प्रामुख्याने अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. त्यातले पाम तर साबणाला लागते, बिस्किटांना लागते, इंडोनेशियात डिझेलमध्येही मिसळतात. त्यामुळे 2022 साली युद्ध पेटले युक्रेनमध्ये आणि तेलाची पिशवी महागली आपल्या वाण्याकडे. वाचवलेला चमचा हृदयाइतकाच खिशालाही मानवतो, तो असा.

निघताना मावशीच्या ओट्यावर तळणाच्या उरलेल्या तेलाचे भांडे दिसले. तेल काळपट, दाट झालेले. "गाळून ठेवलंय, टाकवत नाही रे," ती म्हणाली. तिची काटकसर मला समजते. पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात अपायकारक द्रव्ये साठत जातात. हॉटेलांसाठी अशा तेलाच्या वापराला 2018 पासून कायद्याने मर्यादा आहे. घरच्या कढईवर पहारा आपणच ठेवायचा.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. नवा कॅन फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख घाला. चौघांना महिन्याला साडेतीन लिटरच्या आत भागवायचे, असे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा; हा भार एकट्या गृहिणीवर टाकू नका. तेल धारेने न ओतता चमच्याने घाला. तळण कमी तेलात करा, उरलेले गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात पुन्हा तळू नका. आणि तेल कोणते? आपल्या भागात पिकणारे शेंगदाणा, करडई, तीळ आलटून पालटून वापरा.

मावशीला हेच सांगितले. काका मात्र हळूच म्हणाले, "म्हणजे भजी बंद?" बंद नाहीत, काका. पण रविवारची भजी रविवारीच!