उघडा हात, बंद आवार

ल कॉर्बुझिएने चंडीगडसाठी कल्पिलेला २६ मीटर उंच ‘उघडा हात’ उभा राहिला १९८५ मध्ये. या वास्तुकाराला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. धातूचा हा पंजा वाऱ्याबरोबर फिरतो. पण खरी कल्पकता पायथ्याशी आहे. तिथे जमिनीच्या पातळीखाली एक चौक खोदलाय, नागरिकांनी जमून सार्वजनिक प्रश्नांवर बोलावं म्हणून. सरकारी इमारतींच्या शेजारी, बरं का! पुढे सुरक्षेच्या नावाखाली हा परिसरच सामान्यांना दुरावला. आता ओळखपत्र दाखवून मार्गदर्शकामागून फिरायचं. आपल्याकडे अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाची चर्चाही माणसांच्या जागेऐवजी उंचीच्या आकड्यांभोवतीच रंगली. पुढच्या स्मारकाच्या निविदेत माणसांनी कुठे बसायचं, हे आधी लिहा.