‘शुगर नॉर्मल आली’ म्हणून पेढे वाटू नका

परवा भूमकडचे एक गृहस्थ रिपोर्ट घेऊन ओपीडीत आले. सोबत खव्याचे पेढे. उपाशीपोटी शुगर १०८ आली होती, त्याचा आनंद. "डॉक्टर, आता गोळ्या बंद करायच्या ना?" मी पेढा बाजूला ठेवला आणि आधी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी १६४/९६. म्हणाले, "जिना चढून आलो ना, त्यानं वाढलं असंल." पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं. १६०/९४.

गेल्या सहा महिन्यांत या माणसाने बारा वेळा शुगर तपासली होती. बीपी एकदाही नाही. कोलेस्टेरॉल कधीच नाही.

मला आज याच्यावरच भांडायचं आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात मधुमेह म्हणजे शुगरचा आकडा, एवढंच समीकरण पक्कं झालंय. वाढदिवसाचं आरोग्य शिबिर असो नाहीतर जत्रेतला तपासणीचा मंडप, बोटाला सुई टोचायची, स्ट्रिपवरचा आकडा सांगायचा, फोटो काढायचा आणि पुढचा माणूस. शेजारच्या टेबलावर बीपीचं मशीन असलं तरी ते पिशवीतच राहतं. पण मंडळी, मधुमेहाचा पेशंट शुगर वाढून क्वचितच मरतो. त्याला नेतो तो हार्ट अटॅक किंवा लकवा. त्याच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं आतून खराब होत असतात, आणि शुगर हे त्यामागचं एक कारण आहे. एकमेव नाही.

याचं पाप माझ्याही माथी आहे. पंधराएक वर्षांपूर्वी उमरग्याकडचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे यायचे. शुगरची वही मोत्यासारख्या अक्षरात. ती वही मी इतर पेशंटना दाखवायचो, ‘बघा, याला म्हणतात शिस्त’ म्हणून. केसपेपरच्या कोपऱ्यात बीपी दर वेळी १५०च्या पुढे लिहिलेलं असायचं, माझ्याच हाताने. आणि मी म्हणायचो, वयोमानाप्रमाणे ठीक आहे. एका पहाटे गुरुजींची उजवी बाजू गेली. जीव वाचला. पण त्या हाताने पुन्हा वही लिहिली नाही.

माझ्याकडे तेव्हा माहिती नव्हती, असं म्हणायची सोय नाही. इंग्लंडमधला यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास १९९८ सालीच छापून आला होता. त्यात मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या ११४८ पेशंटचे दोन गट केले होते. एका गटाचं बीपी नेटाने खाली आणलं, सरासरी १४४/८२. दुसऱ्याचं राहिलं १५४/८७. फरक अवघा दहा अंकांचा. तेवढ्यावर लकव्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात शुगर कडक ठेवल्याने डोळे आणि किडनी वाचल्या, पण हार्ट अटॅकमध्ये तेव्हा ठळक फरक दिसला नाही. तो दिसायला आणखी दहा वर्षं जावी लागली. म्हणजे शुगर सांभाळायचीच आहे. फक्त तेवढ्यावर भागत नाही.

उलट आकड्याच्या मागे फार लागणंही महागात पडतं. अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासात दहा हजारांवर पेशंट होते. ज्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, सहाच्या खाली आणायचा अट्टाहास केला, त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. २००८ मध्ये तो प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. साठी ओलांडलेल्या, आधीच हृदयविकार असलेल्या आईची फास्टिंग ८० आणायला निघालेल्या मुलांनी हे जरा लक्षात घ्यावं.

आता कोलेस्टेरॉलची गोळी. तिच्याविषयी व्हॉट्सअ‍ॅपवर जेवढं विष फिरतं तेवढं दारूविषयीही फिरत नाही. लिव्हर जातं, स्मरणशक्ती जाते, कंपन्यांचा कट आहे. मधुमेह आहे पण कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नाही, अशा २८३८ लोकांवर कार्ड्स नावाचा अभ्यास झाला. रोज फक्त १० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. हार्ट अटॅक, लकवा असे मोठे झटके ३७ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास दोन वर्षं आधीच थांबवला. या गोळीने काहींची शुगर किंचित वाढते, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. अंग दुखण्याची तक्रार मात्र खोटी गोळी दिलेल्यांनीही जवळजवळ तेवढीच केली होती.

"हे सगळं गोऱ्यांचं, आपल्याला कशाला? मी तर काडीसारखा आहे." हेही ऐकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपले ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. वरून सडपातळ, आतून चरबी, ही आपली ठेवण आहे. गोऱ्यांपेक्षा आपल्याला कमी वयात आणि कमी वजनावर मधुमेह होतो.

राहिले ‘तीस दिवसांत मधुमेहमुक्ती’वाले. वजन चांगलं उतरवलं तर सुरुवातीचा मधुमेह माघारी जातो, यात खोटं काही नाही. पण ती पावडर विकणारा तुमचं बीपी मोजतो का? तंबाखू सोडा म्हणतो का? डेन्मार्कमध्ये केवळ १६० पेशंटवर स्टेनो-२ नावाचा अभ्यास झाला. किडनीवर परिणाम सुरू झालेले पेशंट होते ते. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, धूम्रपान, सगळं एकदम हाती घेतलं. पुढे एकवीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा हा गट सुमारे आठ वर्षं जास्त जगलेला निघाला.

आणि यातलं काहीच आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. हृदय आणि किडनी सांभाळणारी एम्पाग्लिफ्लोझिनसुद्धा मार्च २०२५ मध्ये पेटंट संपल्यावर बरीच स्वस्त झाली. (ती घेत असाल तर नवरात्राचे कडक उपवास धरण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा, परस्पर धरू नका.) महाग आहे ते झटका आल्यावर रात्री गाडी करून सोलापूर नाहीतर लातूर गाठणं.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की शुगरचा कागद पुढे करण्याआधी दंड पुढे करा. बीपी १३०/८० च्या आत आहे का, मला कोलेस्टेरॉलची गोळी लागते का, लघवीतली प्रथिनं कधी तपासली, एवढं विचारा. डॉक्टर वैतागले तर वैतागू द्या. मी वैतागलो तर मलाही हाच लेख दाखवा.