दगडाला हात लावून सामना जिंकता येतो का?

आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक विद्यार्थी सध्या अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील क्लेमसन विद्यापीठात अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी ‘जय भीम’ करण्यासाठी त्याचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, “सर, शकुन-अपशकुन मानू नका असे तुम्ही आम्हाला शिकवले. इथे तर माझ्या प्रयोगशाळेतला एक सहकारी संघ जिंकत राहिला तर अंगातला सदरा महिनाभर धूत नाही. दुसरा सामना सुरू असताना खुर्ची बदलत नाही. आणि खेळाडू मैदानात उतरण्यापूर्वी चक्क एका दगडाला हात लावतात. एवढे शिकलेले लोकही असे का करतात?”

प्रश्न साधा होता, पण मला फोनवर त्याचे उत्तर देता आले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम त्या खेळाविषयी. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडत पुढे सरकण्याचा तो अत्यंत दांडगाईचा खेळ आहे. तेथे विद्यापीठांच्या संघांचे सामने शरद ऋतूत बहुधा शनिवारी होतात आणि त्या दिवशी गावाला जत्रेचे रूप येते. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. लोक सकाळपासून वाहनतळावर गाड्यांच्या मागे चुली मांडून सामुदायिक भोजने करतात. ठरलेली जागा, ठरलेला पदार्थ, ठरलेला रंग आणि ठरलेली घोषणा यांत काही बदल झाला तर संघ हरेल, अशी धास्ती अनेकांच्या मनात असते. आपण पाहू लागलो की संघ मार खातो, असे वाटून ऐन मोक्याच्या क्षणी दूरचित्रवाणीसमोरून उठून जाणारे निष्ठावंतही आहेत.

क्लेमसनच्या दगडाची कथा तर आपल्या ओळखीची वाटावी अशी आहे. तेथील प्रशिक्षक फ्रँक हॉवर्ड यांना एका परिचिताने कॅलिफोर्नियातील ‘डेथ व्हॅली’ नावाच्या वाळवंटातून हा दगड आणून दिला, कारण क्लेमसनच्या मैदानाचे टोपणनावही तेच आहे. काही वर्षे तो दगड कार्यालयाच्या दाराला अडण म्हणून पडून होता. १९६६ साली तो मैदानाच्या टेकडीवर चौथऱ्यावर बसवण्यात आला आणि पुढच्या वर्षापासून खेळाडू त्याला स्पर्श करून टेकडी उतरू लागले. जो जीव तोडून खेळणार नाही त्याने माझ्या दगडाला हात लावू नये, असे हॉवर्ड यांनी बजावल्याचे सांगतात. दाराची अडण चौथऱ्यावर चढली की तिला देवत्व यायला एक पिढीही लागत नाही. शेंदूर फासण्याची रीत देशोदेशी निराळी असते, एवढेच.

असे का घडते? मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी ट्रोब्रियांड बेटांवरील कोळ्यांचा अभ्यास केला. खाडीच्या शांत पाण्यात मासेमारी करताना हे लोक जादूटोण्याचा आधार घेत नसत. खुल्या समुद्रात मात्र, जिथे जिवाचा धोका असे आणि मासळीचा भरवसा नसे, तिथे त्यांचे मंत्रतंत्र सुरू होत. निकाल आपल्या हातात नसेल तिथे माणूस हाताला काहीतरी काम देतो. सामना पाहणाऱ्याची अवस्था तर त्या कोळ्याहून बिकट असते. त्याचे मन पूर्ण गुंतलेले असते आणि त्याला करता येण्यासारखे काहीच नसते. मग तो सदरा न धुण्याचे काम अंगावर घेतो.

मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा १९४८ सालचा एक प्रयोगही प्रसिद्ध आहे. भुकेल्या कबुतरांना ठरावीक अंतराने आपोआप दाणे मिळत. त्यांच्या वागण्याचा दाण्यांशी काही संबंध नव्हता. तरीही दाणे पडले त्या वेळी जे कबूतर गोल फिरत होते ते फिरतच राहिले आणि जे मान हलवत होते ते मान हलवत राहिले. आपल्या करणीनेच दाणे पडतात अशी जणू त्यांची समजूत झाली होती. पदवी मिळाल्याने आपल्यातले हे कबूतर नाहीसे होत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते.

उरलेले अर्धे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. अशा सर्व रूढींना आपण एकाच मापाने मोजायचे काय? विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. तथागत मोठ्या परिषदेत धम्मोपदेश करीत असताना त्यांना शिंक आली. ‘चिरंजीव व्हा’ अशा अर्थाचा भिक्षूंनी एवढा गलका केला की उपदेश थांबला. तेव्हा तथागतांनी विचारले, असे म्हटल्याने कोणी जगतो किंवा मरतो काय? भिक्षू म्हणाले, नाही. मग असे म्हणू नका, असा नियम झाला. पुढे उपासक शिंकणाऱ्या भिक्षूंना शुभेच्छा देत आणि भिक्षू संकोचाने गप्प राहत. लोक नाराज झाले. ते कळल्यावर, गृहस्थांना मंगलाची आवड असते, त्यांनी शुभेच्छा दिली तर तुम्हीही द्या, अशी मुभा तथागतांनी दिली. सत्य काय ते आधी स्पष्ट सांगितले, आणि मग स्नेहासाठी निरुपद्रवी शिष्टाचार राहू दिला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. व्रतवैकल्यांनीच मुक्ती मिळेल या समजुतीला धम्मात ‘सीलब्बतपरामास’ म्हटले आहे आणि तिची गणना बंधनांत केली आहे. रूढी बंधन कधी होते, हे ओळखणे हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील तीन घटना पाहू.

अलाबामा राज्यातील ऑबर्न गावात संघ जिंकला की चाहते टूमर्स कॉर्नर या चौकातील जुन्या ओक वृक्षांवर कागदाच्या गुंडाळ्या फेकून ती झाडे पांढरी करीत. प्रकार गमतीचा आणि निरुपद्रवी होता. २०१० साली ऑबर्नने अलाबामा विद्यापीठाच्या संघाला एका गुणाने हरवले आणि त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांशी विष घातले. झाडे वाचली नाहीत. २०१३ साली ती तोडावी लागली आणि त्या माणसाला तुरुंगवास झाला. अशोकाच्या राणीने मत्सरापोटी बोधिवृक्षाला विषारी काटा टोचल्याची कथा महावंसात आहे. झाडाला प्रतिस्पर्धी मानण्याची विकृती इतकी जुनी आहे.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात टेक्सास विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यापूर्वी विद्यार्थी स्वतः हजारो ओंडके रचून प्रचंड होळी पेटवीत. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे काम चालू असताना तो ढीग कोसळला. बारा जण मृत्यू पावले, सत्तावीस जखमी झाले. रचनेतील दोष आणि वर्षानुवर्षांची देखरेखीची उणीव ही कारणे चौकशी आयोगाने दाखवली. हे विद्यापीठ अभियांत्रिकीसाठी नावाजलेले आहे. ओंडके किती भार पेलतील, हा प्रश्न तेथील प्रत्येक वर्गात शोभला असता. पण परंपरेपुढे तो प्रश्न कोणी वेळेवर लावून धरला नाही.

तिसरी घटना मिसिसिपी विद्यापीठाची आहे. तेथे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांचा झेंडा फडकवणे हा सामन्याच्या विधीचाच भाग झाला होता. २९ सप्टेंबर १९६२ रोजी सामन्याच्या मध्यंतरात राज्यपाल रॉस बार्नेट यांनी मैदानात उभे राहून मिसिसिपीवरील प्रेमाची ग्वाही दिली आणि झेंड्यांच्या लाटेत प्रेक्षक बेभान झाले. जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय तरुण त्या विद्यापीठात प्रवेश घेणार होता, हे त्या उन्मादाचे कारण होते. दुसऱ्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल उसळली आणि दोन माणसे मारली गेली. मेरेडिथ यांनी प्रवेश घेतलाच. झेंडे मात्र १९९७ साली मैदानात काठ्या आणण्यास बंदी होईपर्यंत फडकत राहिले. वर्गाचे दार उघडले तरी विधीचे दार बंद राहू शकते, हे महाडच्या तळ्याचा आणि काळाराम मंदिराचा इतिहास शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना निराळे सांगायला नको.

रूढी थांबवता येते, याचीही साक्ष त्याच देशात आहे. १९०५ साली या खेळात अनेक तरुणांचे प्राण गेले, तेव्हा न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आपल्याकडील फुटबॉल बंद केला. तो १९१५ साली पुन्हा सुरू झाला. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियात दाखल झाले. म्हणजे त्यांची तेथील पहिली दोन वर्षे फुटबॉलविना गेली आणि विद्यापीठाच्या कीर्तीत त्यामुळे काही उणे आले नाही.

आता स्वतःविषयी एक कबुली. पूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत असताना कबड्डीचा संघ घेऊन तालुक्याला जात असे. संघासोबत सामान सांभाळायला येणारा एक मुलगा होता. तो आला त्या दोन्ही वेळा आपण हरलो, असा हिशेब मुलांनी मांडला आणि त्याचे नाव ‘पनवती’ ठेवले. तिसऱ्या वेळी गाडी निघताना कुरकुर सुरू झाली. उशीर होत होता. मी त्या मुलाला म्हणालो, “या वेळी राहू दे बाळा, तू थांब.” तो काही न बोलता पिशवी खाली ठेवून वसतिगृहाकडे परत गेला. त्या दिवशी आम्ही जिंकलो. मुलांना पुरावा मिळाला, कबुतरांना दाणे मिळाले. एखाद्याची सावली, एखाद्याचे येणे अशुभ मानणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध वर्गात तळमळीने बोलणारा मी, गाडीच्या दाराशी त्याच व्यवस्थेचा द्वारपाल झालो होतो. ती पिशवी मला अजून दिसते.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. स्वतःचा सदरा न धुणारा चाहता फार तर शेजाऱ्याला त्रास देतो. आपणच अपशकुनी आहोत असे समजून जो स्वतः उठून जातो, त्याला हसून परत बोलवावे. पण समजूत जेव्हा दुसऱ्या कोणाला दोषी ठरवते, बाहेर काढते, इजा करते किंवा प्रश्न विचारू देत नाही, तेव्हा ती गंमत राहत नाही. मग विधी कितीही रंगीत असो, तो मोडलाच पाहिजे.

आणि नवा विधी घडवताही येतो. आयोवा विद्यापीठाच्या मैदानाला लागूनच मुलांचे रुग्णालय आहे. २०१७ पासून तेथे पहिला डाव संपला की हजारो प्रेक्षक मैदानाकडे पाठ करून उभे राहतात आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून पाहणाऱ्या आजारी मुलांना हात हलवून अभिवादन करतात. प्रतिस्पर्धी संघाचे चाहतेही त्यात सामील होतात. त्याने सामन्याचा निकाल बदलत नाही, आणि बदलावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. शिंकणाऱ्याला ‘चिरंजीव हो’ म्हणण्याची तथागतांनी दिलेली मुभा मला त्या हलणाऱ्या हातांत दिसते.

क्लेमसनच्या माझ्या विद्यार्थ्याला एवढेच सांगायचे आहे. शनिवारी मित्रांबरोबर सामन्याला अवश्य जा, त्यांच्या रंगाचा सदरा घाल, घसा बसेपर्यंत ओरड. दगडाने सामना जिंकतो का, असे कोणी विचारले तर नम्रपणे ‘नाही’ म्हण. आणि गर्दीतल्या कोणाला कोणी ‘पनवती’ म्हणून उठवू लागले, तर त्याच्या शेजारी जाऊन बस. ते मला एकदा जमले नव्हते.