‘जरा ध्यानाला बस’

घरात कुणाला नैराश्याने गाठलं की नातेवाइकांचा सल्ला ठरलेला असतो. ‘गोळ्याबिळ्या नकोत, सवय लागते. त्यापेक्षा रोज अर्धा तास ध्यानाला बस.’ सल्ला फुकटातला, वर संस्कृतीला धरून. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ साली २१ डिसेंबर हा ‘जागतिक ध्यान दिन’ ठरवल्यापासून तर त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्काही बसला आहे.

पण ज्याला सकाळी उठून दात घासायचंही जिवावर येतं, त्याने डोळे मिटले की काय होतं? लक्ष श्वासावर ठेवायचं असतं. दोन श्वास होतात न होतात तोच ‘माझ्यामुळे सगळ्यांना ताप’ हे वाक्य हजर होतं. समोर काही दिसत नाही, कुणी बोलत नाही, त्यामुळे त्या वाक्याला रान मोकळं. मग तेच दळण. अर्ध्या तासाने माणूस उठतो तो ‘आपल्याला साधं स्वस्थ बसताही येत नाही’ एवढी भर घालून.

याचा अर्थ ध्यान कुचकामी, असा नाही. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम बांधला. मनात आलेला विचार खराच असतो असं नाही, हे वेळीच ओळखायचा तो सराव. २००० साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण बरंच घटलं. दोनदाच येऊन गेलेल्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. पुढे २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ४२४ जणांचा अभ्यास आला. एका गटाने हा अभ्यासक्रम करत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी केल्या, दुसऱ्याने गोळ्या चालू ठेवल्या. दोन वर्षांत पहिल्या गटात ४४ टक्के, दुसऱ्यात ४७ टक्के लोकांचा आजार उलटला. म्हणजे जवळपास बरोबरी. सल्ला देणारे यातलं एकच विसरतात: दोन्ही अभ्यासांतली माणसं आजारातून सावरलेली होती. खड्ड्यात असताना त्यांना कुणी आसन घालून बसवलं नव्हतं.

आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीवरही हे भान आहे. तिथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, दिवसाकाठी दहाएक तास बैठक. प्रवेशअर्जात मानसिक आजार आणि चालू औषधं यांची विचारणा असते, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना ‘येऊ नका’ असंच सांगितलं जातं. प्रवेश हुकेल या धास्तीने तो रकाना कोरा सोडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. चालू गोळ्या परस्पर बंद करून जाणं त्याहून वाईट. त्या एकदम थांबवल्या की चक्कर, बेचैनी, झोपेचे हाल होऊ शकतात, आणि आजारही डोकं वर काढतो.

ज्याला बसून पाहायचंच आहे त्याने डॉक्टरांना सांगून, डोळे उघडे ठेवून, पाच मिनिटं बसावं. तेही नको वाटलं तर चालावं. रात्रीबेरात्री बोलायला कुणी नसेल तर सरकारच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. सल्ला देणाऱ्या काकांना खरंच काही करायचं असेल, तर त्यांनी मनोविकारतज्ज्ञाची वेळ घ्यावी, पुतण्याला स्कूटरवर घालून न्यावं आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर तो बाहेर येईपर्यंत बसावं. डोळे मिटून बसले तरी चालेल.