यादीत बायका किती?



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पनवेलच्या आमच्या केंद्रावर कॉलेजातल्या तीन मुली आल्या. त्यांची काही तक्रार नव्हती, त्यांना सल्लाही नको होता. दर रविवारी दोन तास आमची खोली मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. कशासाठी, तर बँडच्या तालमीसाठी. एक गिटार वाजवणार, एक गाणार, तिसरीला ड्रम शिकायचे होते. आणि वाजवायचं काय, तर पंक.

पन्नाशी उलटलेल्या आम्ही चौघीजणी एकमेकींकडे बघत राहिलो. पंक म्हणजे ते केस रंगवून उभे करणारे गोरे तरुण, एवढीच आमची माहिती. मुलींनी मोबाइल पुढे केला. त्यावर एक इंग्रजी यादी होती, आजवरचे सर्वश्रेष्ठ पंक बँड, एक ते पंचवीस. आमच्या हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी सवयीनं विचारलं, "यात बायका किती?" मुलींनी वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा वर नेलं. एकही नव्हती. यादी त्यांची तोंडपाठ होती, पण हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही जे वाचलं, ऐकलं, मुलींकडून समजून घेतलं, ते या अंकात तुमच्यासमोर ठेवत आहोत. घरगुती हिंसेच्या केसेस पडून असताना हा शहरी शौक कशाला, असं काहीजणींना वाटेल. आमच्या बैठकीतही तसं म्हटलं गेलं. पण कोण मोजतं आणि काय मोजतं, हा प्रश्न आपण रेशन कार्डापासून जनगणनेपर्यंत विचारत आलो आहोत. गाण्यापाशी येऊन तो का थांबवायचा?

पंक सुरू झालं ते १९७०च्या दशकाच्या मध्यावर, न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये. इंग्लंडात बेकारी होती. महागड्या वाद्यांवर तासभर चालणाऱ्या वादनाला तरुण पोरं कंटाळली होती. दोन-तीन सूर येतात ना, मग व्हा उभे, असं ते म्हणणं होतं. चळवळीतल्या आपल्या गाण्यांचं तरी वेगळं काय होतं? कुठल्याही गाजलेल्या चालीवर शब्द बसवायचे, डफ घ्यायचा आणि चौकात उभं राहायचं. हाताने लिहून, चिकटवून, स्वस्तात छापलेली मासिकंही त्या पोरांनी काढली. पुण्यात 'बायजा' सुरू झालं तेही १९७७ सालीच.

त्याच वर्षी इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली. त्या सोहळ्यात सेक्स पिस्टल्स या बँडनं राणीवरच टीका करणारं गाणं काढलं. बीबीसीनं ते लावायला नकार दिला. तरी त्याचा खप एवढा झाला की अधिकृत यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर आलं. पहिला क्रमांक मुद्दाम दिला नाही, असं पुष्कळांना आजही वाटतं. काही दुकानांत लावलेल्या यादीत तर त्या जागी गाण्याचं नावच नव्हतं, ओळ कोरी होती. यादी म्हणजे नुसता हिशेब नव्हे, हे त्या कोऱ्या ओळीवरून कळतं.

बायका तिथे होत्या, आणि पहिल्यापासून होत्या. लंडनमध्ये १९७६ साली द स्लिट्स हा मुलींचा बँड सुरू झाला तेव्हा त्यांची गायिका आरी अप अवघी चौदा वर्षांची होती. त्यांची पहिली तबकडी १९७९ची. ती इंग्लंडच्या यादीत तिसाव्या क्रमांकापर्यंतच गेली. एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन सोमाली बापाची आणि गोऱ्या आईची मुलगी. दातांना तार लावून ती स्टेजवर यायची आणि बाजार बाईला कसा वेठीला धरतो यावर गायची.

१९९०च्या दशकातली हकीकत तर मुळातूनच ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत ऑलिंपिया गावी बिकिनी किल हा बँड उभा राहिला. त्यांची गायिका कॅथलीन हॅना. कार्यक्रमात मुलींना ढकलाढकली व्हायची, अंगचटीला यायचे, म्हणून ती पुरुषांना मागे जायला सांगे आणि मुलींना पुढे बोलावी. (आपल्या जत्रेत आणि दहीहंडीत कुणी हे करून बघावं.) या हॅनाने एकदा मित्राच्या खोलीतल्या भिंतीवर थट्टेनं एक वाक्य खरडलं. त्यात मुलींसाठी विकल्या जाणाऱ्या एका डिओडरंटचं नाव होतं. मित्र म्हणजे निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन. त्या वाक्यातून त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचं शीर्षक निघालं आणि जानेवारी १९९२मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला.

याच मुलींनी १९९१ साली आपल्या मासिकाच्या एका अंकावर 'गर्ल पॉवर' असं छापलं होतं. पत्रकार त्यांच्या कपड्यांबद्दलच लिहितात, हे बघून त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी वर्तमानपत्रांशी बोलणं बंद केलं. १९९६मध्ये स्पाइस गर्ल्स आल्या आणि तेच दोन शब्द जगभर विकले गेले. ८ मार्चला दागिन्यांवर सूट देणाऱ्या जाहिराती ज्या शब्दांत येतात, ते शब्द कुठून उचललेले असतात हे आपल्याला कुणी सांगायला नको.

यादी करणारे बदलले की यादी बदलते, याचाही दाखला आहे. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या ५०० श्रेष्ठ अल्बमच्या यादीत जोनी मिचेल या गायिकेचा 'ब्लू' २००३ साली तिसावा होता. २०२० साली नव्या लोकांकडून मतं घेतली, तेव्हा तो तिसरा आला. अल्बम तोच, १९७१चा. आणि याच मासिकाचे एक संस्थापक यान वेनर यांनी २०२३मध्ये रॉकच्या थोरांवर पुस्तक काढलं. त्यात सात मुलाखती होत्या, सातही गोऱ्या पुरुषांच्या. बायका का नाहीत, या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर असं होतं, की रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळानं त्यांना काढून टाकलं.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर आपल्या स्वैपाकघरात या. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. पोळ्या लाटता लाटता आपल्या आया ती ऐकायच्या, कोणतं गाणं कितव्या पायदानावर आहे हे अमीन सायानींच्या तोंडून ऐकायला कान टवकारायच्या. ते पायदान ठरायचं तबकड्यांच्या खपावर आणि श्रोत्यांच्या पत्रांवर. आमच्यापैकी एकीच्याही आईनं कधी तबकडी विकत घेतली नव्हती की पत्र टाकलं नव्हतं. ऐकणाऱ्या त्या होत्या, पण मोजणीत नव्हत्या.

आणि पनवेल-उरणच्या आगरी घरांत लग्न लावणारी धवलारीण? तिची गाणी छापलेली नाहीत, ती तोंडातून कानात जातात. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं त्या तेराव्या शतकातल्या महदंबेची रचनाही धवळेच. आज आगरी-कोळी गाण्यांना यूट्यूबवर लाखांनी व्ह्यूज मिळतात याचा आम्हांला आनंदच आहे. पण बेंजोवाल्यांची बिदागी किती आणि धवलारणीची किती, हे ज्यांच्या घरी नुकतं लग्न झालं त्यांनी एकदा ताडून बघावं. प्रसिद्धी नको, आम्ही आपल्या बाहेरच बऱ्या, असं म्हणणं सोपं आहे. बाहेर राहण्याचे पैसे कोण भरतं, हेही बघायला हवं. १९९३मध्ये ग्रीन डे हा बँड मोठ्या कंपनीकडे गेला, तेव्हा बर्कलीतल्या ज्या जागेत तो वाढला तिचे दरवाजे त्याला बंद झाले. तो अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीवर खपला. त्या जागेचा नियम आम्हांला पटतो, पण तीन मुलींना उद्या कुणी पैसे देऊ केले तर नाही म्हणा असं सांगायला आमची जीभ रेटणार नाही.

कारण मुलींना यादीपर्यंत पोचण्याआधीच किती वेळा परत फिरावं लागतं! मुंबईतला कार्यक्रम संपवून हार्बरची शेवटची पनवेल गाडी गाठायची, हा प्रश्न मुलांच्या बँडपुढे वेगळा आणि मुलींच्या बँडपुढे वेगळा. श्रीनगरच्या तीन शाळकरी मुलींनी 'प्रगाश' नावाचा रॉक बँड काढला, डिसेंबर २०१२मध्ये स्पर्धेत बक्षीस मिळवलं, आणि फेब्रुवारी २०१३मध्ये धमक्या आणि फतव्यापुढे वाद्यं खाली ठेवली. कुठल्या क्रमवारीत त्यांना बसवणार?

तर आमच्या खोलीचं. रविवारी अकरा ते एक ती मुलींना दिली आहे. तिसऱ्याच आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं, आवाजाचा त्रास होतो म्हणून. याच इमारतीखाली हळदीला मध्यरात्रीपर्यंत बेंजो वाजतो, तेव्हा पत्र आल्याचं आमच्या फायलीत तरी नाही. आम्ही खिडक्यांना जुन्या गाद्या लावल्या आहेत, आणि वेळ मात्र बदललेली नाही. सोसायटीची सभा पुढच्या महिन्यात आहे. ड्रम उसने आणलेले आहेत, ते दिवाळीनंतर परत द्यायचे आहेत. कुणाकडे पडून असतील तर कळवा.

— संपादक मंडळ