सलाईनच्या बाटलीत शक्ती नसते

‘अंगात त्राण नाही, एक सलाईन लावा,’ ही मागणी जत-आटपाडीपासून खटाव-माणपर्यंत कोणत्याही दवाखान्यात ऐकू येते. हगवण, उलट्या, उन्हाचा तडाखा यांत सलाईन जीव वाचवते, याबद्दल वाद नाही. पण नुसत्या अशक्तपणावर ते लावणे म्हणजे पैसा पाण्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते, उष्मांक शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर 25 ग्रॅम, म्हणजे जेमतेम शंभर उष्मांक. ज्वारीची एक भाकरी याहून जास्त देते, तीही सुई न टोचता.

मग शक्ती तयार होते कुठे? आपल्या पेशींत तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, नावाचे अतिसूक्ष्म घटक असतात. अन्नातील साखर व चरबी प्राणवायूच्या मदतीने जाळून त्या एटीपी नावाचे द्रव्य बनवतात. स्नायू, हृदय, मेंदू यांचा सारा व्यवहार याच नाण्यावर चालतो.

गंमत अशी, की तंतुकणिका एका आकारात राहत नाहीत. चार्ल्स हॅकेनब्रॉक यांनी 1966 मध्ये उंदराच्या यकृतातील तंतुकणिका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एटीपी खर्च झाल्यावर उरणारे एडीपी मिळाले, की काम जोरात सुरू होई आणि आतला गाभा आक्रसे. एडीपी संपले, की तो पुन्हा फुगे. लोहाराचा भाता आठवावा! ही फूग निरोगी. दुसरी मात्र जीवघेणी. रक्तपुरवठा तुटून पेशीत कॅल्शियम बेसुमार साचले, तर तंतुकणिका पाणी ओढून इतक्या फुगतात, की बाहेरचा पडदा फाटतो आणि पेशी मरते. हृदयविकाराच्या झटक्यात हे घडते. म्हणून छातीत कळ आली, की ‘गॅस असेल’ म्हणत घरी बसू नये.

ही भट्टी बाटलीने वाढत नाही, मेहनतीने वाढते. जॉन होलोझी यांनी 1967 मध्ये उंदरांना आठवडेच्या आठवडे पळवले, तेव्हा त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची जळणक्षमता दुप्पट झाली. आपल्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या, त्यामागेही वर्षानुवर्षांचा सराव होता. तुम्हा-आम्हाला रोज अर्धा तास झपाझप चालणे पुरे.

एवढे करूनही थकवा हटत नसेल, तर हिमोग्लोबिन, साखर व थायरॉइड तपासून घ्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर थुंकीही. सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात. रक्तच कमी असेल, तर तंतुकणिकेला प्राणवायू कोण पोचवणार? फडात ऊस तोडणाऱ्या बाईला सलाईनने दोन दिवस हुशारी वाटते, मजुरी बाटलीत जाते, आणि जी तपासणी आज व्हायला हवी ती हंगाम संपेपर्यंत लांबते.